समजून घ्या : कायदा आणि डिजिटल माध्यमे, दोन्ही शिकवणारा प्राध्यापक का हवा?

एखादी पोस्ट 'लाइक' केली म्हणून अटक होऊ शकते का? व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ कोर्टात चालतो का? या प्रश्नांची अर्धी उत्तरे विधी महाविद्यालयात मिळतात, अर्धी माध्यम विभागात. दोन्ही जाणणारे शिक्षक मात्र कमीच.

पालघर : लाइकचा अर्थ काय?
नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. पुढे श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी आयटी कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. पण लाइक म्हणजे सहमती, दखल की प्रसार? हा प्रश्न संवादशास्त्राचा आहे.

जालना : व्हिडिओ खरा कशावरून?
२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले का, यावरून वाद झाला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण. मूळ उपकरण हजर केले नसेल, तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' लिहावी लागते. हा फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. व्हॉट्सअॅप व्हिडिओ पाठवताना सहसा तो लहान करते. दिसायला तोच व्हिडिओ, पण ठसा बदललेला! वकील आणि पत्रकार, दोघांनाही हे माहीत हवे.

करिअर कसे घडते?
इंजिनीअरिंगसह कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचे एलएलबी करता येते. पुढे एलएलएम आणि नेट किंवा सेट. संशोधनासाठी पीएचडी.

अडते कुठे?
नेटमध्ये विधी आणि जनसंवाद हे वेगळे विषय आहेत. उमेदवाराचा अभ्यास दोन्हींचा असला, तरी परीक्षेला एकच निवडावा लागतो. पुढे नोकरीही त्याच चौकटीत.

रत्नागिरीत काय करता येईल?
शहरात भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर केंद्रही आहे. दोघांनी मिळून एक छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. नव्या इमारतीची गरज नाही, सामायिक वेळापत्रक पुरे.

याच शहरात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८७९ मध्ये एलएलबी केले आणि पुढे 'केसरी' चालवला. १९०८ च्या राजद्रोह खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. कायदा आणि माध्यम यांची सांगड रत्नागिरीला नवी नाही. ती आता वर्गातही दिसायला हवी.