शिफारस होती, तरी अडवलं

कृष्णवर्णीय रूथ सिमन्स २००१ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या, मग आता कृष्णवर्णीय स्त्रियांना अडवतं कोण, हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल मला पटला नाही. कृष्णवर्णीय मुलींसाठी १८८१ मध्ये निघालेल्या अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजलाही पहिली कृष्णवर्णीय स्त्री-अध्यक्ष लाभायला १९८७ उजाडलं. आणि निकोल हॅना-जोन्स? पुलित्झर पुरस्कार मिळवलेल्या या कृष्णवर्णीय पत्रकाराला कायम प्राध्यापकपद द्यावं, अशी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या अध्यापकांचीच शिफारस होती. विश्वस्तांनी विषय लांबवला. गदारोळ झाल्यावर २०२१ मध्ये मंजुरी दिली. ते पद नाकारून त्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या, आणि योग्यच केलं! गुणवत्ता कुठे कमी होती? एकीच्या यशावरून बाकीच्यांचा रस्ता मोकळा झाला असं मानण्याआधी पत्रलेखकांनी हा घटनाक्रम जरूर वाचावा, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा