मार्गशीर्षातला खाडा

दिवाळी आटोपून रब्बीच्या पेरण्या उरकत आल्या, की आमच्या कचेरीतील टपालात एका ठरावीक तक्रारीची पत्रे दिसू लागतात, आणि ती इतक्या नेमाने येतात की पंचांग न उघडताही महिना कोणता चालला आहे हे आम्हांस सांगता यावे. कोंबड्या खातात, हिंडतात, नाकातोंडातून पाणी नाही की विष्ठेत काही विकृती नाही. तुरे मात्र फिकटले आहेत आणि अंड्यांचा खाडा पडू लागला आहे, आधी दिवसाआड, मग आठवड्यातून दोन, आणि आता टोपली रिकामीच, अशी ती कैफियत असते. पत्राच्या अखेरीस निदानही बहुधा पत्रलेखकानेच करून ठेवलेले असते, की थंडी बाधली; आणि त्या निदानाबरहुकूम बंदोबस्तही झालेला असतो, म्हणजे खुराड्याभोवती गोणपाटे आवळली, फटी बुजवल्या, कोंबड्या दिवस मावळण्याआधी कोंडल्या आणि सकाळी ऊन चांगले वर आल्यावर सोडल्या. आमचे स्पष्ट मत असे आहे, की हे निदान चुकीचे आहे आणि हा बंदोबस्त हेच पुष्कळ ठिकाणी दुखण्याचे मूळ आहे.

थंडीवरील आरोपाची रुजवात प्रथम करू. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सियस, वर पिसांचे पांघरूण, आणि दाणा पोटभर असेल तर रात्रभर आतून जळत राहणारे इंधन. अशा पक्ष्याला निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला तरी, जागा कोरडी आणि वाऱ्याच्या झोतापासून आडोशाची असल्यास, फारसे काही होत नाही. आपल्या प्रदेशात कोंबडीचा खरा वैरी वैशाखातला वणवा आहे, पौषातला गारठा नव्हे, हे विदर्भातील ज्या पालकांनी 45 अंशांच्या दुपारी माना टाकलेल्या कोंबड्या उचलल्या आहेत त्यांना सांगावयास नको. थंडीला अंशतः निर्दोष ठरवणारा एक जुना दाखलाही आहे. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन या प्राणिशास्त्रज्ञाने 1924 च्या शरद ऋतूत जंको जातीचे छोटे पक्षी उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि सूर्यास्तानंतर विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडाथोडा लांबवत नेला. बाहेर तिकडची ती हाडे गोठवणारी थंडी असताना, ऐन हिवाळ्यात, त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतातल्याप्रमाणे वाढली, आणि शेजारच्या बिनदिव्याच्या पिंजऱ्यातील पक्ष्यांची मात्र आकसलेलीच राहिली. थंडी दोघांनाही सारखीच होती, भेद तेवढा प्रकाशाचा.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. परंतु कोंबडी झाकली तर तिच्यापुरते तांबडे फुटायचे राहते, ही त्या म्हणीची दुसरी बाजू कुक्कुटपालकाने ध्यानात घ्यावयास हवी. पक्ष्याला दिवसाची लांबी केवळ डोळ्यांनी कळते असे नाही. फ्रान्समधील जाक बनुआ यांनी 1930 च्या दशकात दृष्टी नसलेल्या बदकांवर प्रयोग करून दाखवले, की प्रकाश कवटीतून झिरपून थेट मेंदूच्या तळाशी पोहोचतो. तेथून पियूषिका ग्रंथीला आणि पियूषिकेकडून अंडाशयाला हुकूम सुटतो. दिवस वाढत असता हुकूम चालू राहतो, दिवस घटू लागला की तो ढिला पडतो, आणि अंडे तयार होण्यास मुळातच चोवीस तासांहून थोडा अधिक वेळ लागत असल्यामुळे, रोज जरा उशिरा उशिरा सरकणारी कोंबडी एके दिवशी खाडा करते, तो खाडा मग लांबत जातो. अंड्यावरच्या कोंबडीला साधारण चौदा ते सोळा तासांचा उजेड मानवतो, असा व्यावसायिक पालनाचा अनुभव आहे.

आता आपल्या अक्षांशाचा हिशेब पाहा. लंडनमध्ये डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही भरत नाही. पुण्यात तो सुमारे अकरा तासांचा असतो, आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. म्हणजे निसर्गाने आपल्या कोंबडीकडून फार तर सव्वादोन तास काढून घेतले आहेत. परदेशी पुस्तकांत हिवाळ्याचे जे भयंकर वर्णन येते ते येथे लागू करण्याचे काही कारण नाही. मग अंडी इतकी का घटावीत? ज्या परसांत आम्हांस जाण्याचा योग आला तेथे याचे उत्तर बहुतेक वेळा खुराड्याच्या दाराशी उभे असलेले आढळले. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, परंतु घरातली चूल, आंघोळीचे पाणी आणि मुलांची शाळा यांतून सवड मिळेपर्यंत साडेआठ वाजतात. संध्याकाळी सहाला सूर्यास्त, परंतु मुंगूस आणि बोके यांच्या धास्तीने पाचलाच डालग्यात भरण्याची घाई. खुराड्याला फळ्या ठोकलेल्या आणि वर गोणपाट, आत भर दुपारीही हात दिसू नये असा अंधार. निसर्गाच्या अकरा तासांतून आम्ही माणसांनी अडीच तास परभारे वजा केले, आणि पुण्याच्या कोंबडीला लंडनचा डिसेंबर भोगावयास लावला. शिवाय बंदिस्त गोणपाटांआड ओल आणि विष्ठेचा उग्र वायू कोंडतो, आणि त्यामुळे सर्दी-घरघर होते ती वेगळीच.

तेव्हा पहिली तजवीज थोड्या खर्चाची आहे. खुराड्याच्या पूर्वेकडील एक फळी काढून तेथे बारीक, मजबूत जाळी बसवावी, जेणेकरून मुंगूस बाहेर राहील आणि उजेड आत येईल. जमल्यास जाळीचे एक छोटे आवार दाराला जोडावे, म्हणजे माणूस उठण्यापूर्वीही कोंबडी उजेडात उतरू शकेल. वाऱ्याच्या बाजूला आडोसा असू द्या, तूस किंवा भुशाची गादी कोरडी ठेवा, पण वळचणीखालची हवा खेळती राहू द्या. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती सांगण्यासाठी संपादकीय लिहावे लागते याचाच आम्हांस थोडा संकोच वाटतो.

दिव्याविषयी मात्र सावधपणे बोलले पाहिजे. ज्यांच्याकडे वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती आहेत आणि अंडी विकणे हा हेतू आहे, त्यांनी जरूर दिवा लावावा; पाच वॅटचा पिवळसर एलईडी छोट्या खुराड्यास पुरतो, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पडला म्हणजे झाले. तो पहाटे चारला लागावा आणि उजाडल्यावर विझावा, म्हणजे सहाच्या सूर्यास्तापर्यंत चौदा तास भरतात आणि संध्याकाळी कोंबड्या नैसर्गिक अंधारात आपल्या दांडीवर चढतात. रात्री एकाएकी दिवा गेला तर त्या जमिनीवरच चाचपडत राहतात. आठवड्याला अर्धा अर्धा तास असा दिवस वाढवावा. पण एकदा वाढवलेला उजेड पुन्हा तोडू नये, आणि येथेच भारनियमनाचा मामला येतो: ज्या गावात पहाटेची वीज आज आहे आणि उद्या नाही, तेथे हा खेळ सुरू न करणेच शहाणपणाचे, कारण मधेच तुटलेला उजेड कोंबडीला अवेळी पिसे गाळावयास लावतो. शंभर वॅटचे तापलेले बल्ब पिल्लांच्या उबेसाठी असतात; ते तुसावर टांगून मोठ्या कोंबड्यांना शेकत बसणे म्हणजे आगीला आमंत्रण. वाढत्या तलंगांना तर अंड्यावर येण्यापूर्वी दिवा मुळीच दाखवू नये. अपुऱ्या वाढीच्या तलंगा लवकर अंड्यावर आल्या की अंडी लहान पडतात आणि अंग बाहेर येण्याचे प्रकार घडतात.

आणि गावठी कोंबडी? जी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधेच खुडूक होऊन बसते आणि स्वतःची पिल्ले स्वतः वाढवते, तिच्या डोक्यावर पहाटेचा दिवा धरू नये असे आम्हांस वाटते. तिला लेगहॉर्न करण्याचा अट्टाहास कशाला? तिची रजा तिला मंजूर करावी.

रजेचा विषय निघाला म्हणून पिसांविषयी. दिवस घटू लागला की वर्षावरची कोंबडी जुनी पिसे गाळते, आणि पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचे असल्याने नवा पोशाख शिवून होईपर्यंत अंड्यांचे काम तहकूब राहते. नेमक्या याच वेळी पावसाळ्यातले गांडूळ, किडे, कोवळे गवत परसातून नाहीसे झालेले असतात, आणि आपण मूठभर ज्वारी किंवा भाताच्या कण्या फेकून कर्तव्य केल्याचे समाधान मानतो. धान्याने ऊब मिळेल, पीस किंवा अंडे मिळणार नाही. कोकणात सुकटीचा चुरा, देशावर शेंगदाण्याची वा सोयाबीनची पेंड, कोठेही शेवग्याचा पाला, आणि जुन्या बायका करीत तसे वाळवी लागलेले लाकूड फोडून पुढे टाकणे, यांपैकी जे हाताशी असेल ते धान्यात मिसळावे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सदैव ठेवावा, कोंबडी लागेल तेवढा घेते. मात्र अंडी हळूहळू न घटता दोन-चार दिवसांत एकदम थांबली, कवचे पातळ किंवा वेडीवाकडी येऊ लागली, कोंबड्या धापा टाकू लागल्या, तर उजेडाचा विचार बाजूस ठेवून मानमोडीची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकास बोलवावे.

ज्यांना हिवाळ्यातली अंडी खरोखर हवी आहेत त्यांनी तो विचार शिमग्यालाच करावा लागतो. फाल्गुन-चैत्रात निघालेल्या गावठी पिल्लांच्या तलंगा दसऱ्याच्या सुमारास अंड्यावर येतात, आणि पहिल्या वर्षी त्या सहसा पिसे गाळत नसल्यामुळे थंडीभर चालू राहतात. मार्गशीर्षातले गुरुवार संपून घरोघरी पुन्हा अंडी शिजू लागतात तेव्हा ज्यांची टोपली भरलेली असते, ते बहुधा फाल्गुनात उबवण बसवणारे असतात. यंदा ती वेळ गेली. पुढच्या शिमग्याची नोंद आताच करून ठेवावी.

तूर्त वाचकांकडे एकच मागणे आहे. हा अंक हाती पडल्यापासून संक्रांतीपर्यंत रोज तीन गोष्टी एका वहीत उतरवा: दार किती वाजता उघडले, किती वाजता लावले, आणि किती अंडी मिळाली. दिवा असेल तर त्याच्या वेळाही लिहा, वीज गेली असेल तर तेही. वहीची ती पाने आमच्याकडे पाठवा. फेब्रुवारीच्या अंकात त्यांच्यासाठी चार पृष्ठे राखून ठेवली आहेत.