'उमरा' ते 'लोकलहोस्ट' : आयत्या नावांची किंमत

१/ अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लिव्हरपूलला जाणारा कापूस अडला आणि वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव आला. माल अकोल्याचा असो वा खामगावचा, तिकडच्या बाजारात त्याचे नाव एकच : 'उमरा'. अमरावतीचेच हे इंग्रजी व्यापारातले रूप.

२/ नाव सोयीचे होते. पण ते प्रदेश सांगे, गाव सांगत नसे. गाठीत भेसळ निघाली तर ती कुठली, हे त्यावरून कळणे अशक्य. कापसातील लबाडीविरुद्ध मुंबई इलाख्यात १८६३ साली कायदाच करावा लागला.

३/ लिनक्स संगणकाला मिळणारे आयते होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरील नाव, हे आजचे 'उमरा' होय. डेबियन 'डेबियन' सुचवते. फेडोराने 'लोकलहोस्ट' सोडून 'फेडोरा' घेतले. प्रणाली कळते, यंत्र कळत नाही.

४/ घरच्या संगणकाला हेच योग्य. होस्टनेम नेटवर्कवर उघड होऊ शकते. मालकाचे नाव त्यात गुंफले, तर स्थानकावरील वायफायवरही त्याची ओळख पटते. आरएफसी ८११७ या टिपणाने २०१७ मध्ये हाच इशारा दिला.

५/ सर्व्हरचे उलट. दहा सर्व्हर एकाच नावाचे असतील, तर एकत्रित नोंदींत बिघडलेला कोणता, हे शोधायचे कसे? तेथे इन्स्टॉलरने नाव विचारावेच; विचारणे शक्य नसेल तर यंत्रागणिक वेगळे नाव घडवावे.

६/ गाठीवर गावाचा शिक्का हवाच. शेतकऱ्याच्या सदऱ्यावर तो नको.