कुळांचा वकील आणि कुळांचा विसर

दरसाल एप्रिल महिन्यात जयंतीची वर्गणी मागावयास तरुण मंडळी दारी आली, म्हणजे ओटीवरचे कुणबी, माळी, सुतार एक वाक्य हटकून बोलतात : “ते त्यांचे पुढारी, आमचा काय संबंध?” गावच्या मास्तरकीत हे वाक्य पोरांच्या तोंडूनही आम्हांस ऐकावे लागते. पोरे ते शाळेत शिकत नाहीत, घरून आणतात. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांशीच आज दोन शब्द रोखठोक बोलणे भाग आहे.

संबंध विचारता, तर ऐका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन १९२३ साली मुंबईच्या हायकोर्टात उभे राहिले. अस्पृश्य वकिलाच्या पदरी मोठे खटले कोण टाकणार? गोरगरिबांची कामे करीत त्यांनी दिवस काढले. अशात जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून जवळकर, जेधे प्रभृती आमच्या मंडळींवर खटला झाला व शिक्षा लागली. १९२६ साली अपिलात उभे राहून त्यांना सोडविले कोणी? या आंबेडकरांनीच! ब्राह्मणेतर चळवळीची मान त्या दिवशी ज्याने सोडविली, त्याच्याशी म्हणे आपला संबंध नाही!

१९२७ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद झाले. त्याच साली सरकारने लहान तुकड्यांच्या शेतीचे बिल आणले. बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. शेती बुडते ती तुकडा लहान म्हणून नव्हे, तर त्यावर घालावयास भांडवल नाही, औतफाटा नाही म्हणून. तुकडे काढून घ्याल तर गरीब शेतकरी भूमिहीन मजूर होईल, हे त्यांचे म्हणणे. १९२८ साली त्यांनी महार वतनाचे बिल आणले. चार पेंढ्या आणि पसाभर दाणे देऊन माणसाला रात्रंदिवस राबविण्याची ही तऱ्हा किती न्यायाची, हे बलुत्यावर जन्म काढलेल्या लोहार-कुंभारांस आम्ही काय सांगावे?

आता खोतीचे प्रकरण. कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत बसलेला. कुळाने नांगरावे, लावणी करावी, कापावे. खोताने वाटा उचलावा, सरकारसारा भरावा आणि उरेल ते आपल्या कणगीत ओतावे. शिवाय वेठ निराळी : फुकट नांगर धरणे, घर शाकारणे, ओझी वाहणे. ही कुळे कोण? रत्नागिरीकडे बहुतेक कुणबी, कुलाब्याकडे आगरी, जोडीला महार आणि इतर गरीब जाती. अलिबागेजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांची जमीन कसणे सोडले आणि संप १९३९ पर्यंत चालविला, तो काय हौसेने?

स्वतंत्र मजूर पक्ष काढून बाबासाहेब १९३७ साली असेंब्लीत निवडून आले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोताला वाजवी भरपाई देऊन दूर करावे आणि प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळाला सरकारचा कब्जेदार करावे, हे त्याचे सार. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले, त्यांच्या अग्रभागीही तेच.

कोणी म्हणेल, बिल तर पास झालेच नाही. खरे आहे. पण दोष कोणाचा? सरकार काँग्रेसचे, मुख्य प्रधान बाळासाहेब खेर स्वतः रत्नागिरीत जन्मलेले आणि धंद्याने सॉलिसिटर. कायदेपंडितांची वाण तिकडे नव्हती. वाण होती ती कुळाच्या बाजूने उभे राहण्याच्या इच्छेची. त्याच खेरांच्या दुसऱ्या मंत्रिमंडळाला १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा करावा लागला. बारा वर्षांची ही दिरंगाई कुळांच्या घामातून वसूल झाली. महार वतन जावयास तर १९५८ चा कायदा यावा लागला.

आणखी एक कडू गोष्ट. खोत पुष्कळसे ब्राह्मण होते. पण मराठे होते, मुसलमानही होते. भटशाहीच्या नावाने शंख करताना आपल्यातला खोत पदराआड झाकणे ही चळवळ नव्हे, ढोंग आहे. बाबासाहेबांनी खोताची जात पाहिली नाही, कुळाचीही पाहिली नाही. आज मात्र कुळाचा नातू सातबारावर आपले नाव वाचतो आणि वकिलाची जात विचारतो!

या विसराने नुकसान कोणाचे? ज्याच्या कोनाड्यात तसबीर आहे त्याचे नव्हे, आपलेच. कायदेमंडळात वकील पाठविण्याचा अर्थच आपण विसरलो. मत मागावयास आलेल्याला आपण जात विचारतो, लग्नाला येशील का विचारतो, देवळाला वर्गणी देशील का विचारतो. बिल कोणते मांडलेस, कोणत्या बिलाला विरोध केलास, हे कोणी विचारीत नाही. मग आपल्या जातीचा खोतच निवडून येतो आणि आपण गुलाल उधळतो.

तेव्हा शेतकरी-कारागीर बंधुभगिनींनो, यंदा वर्गणी मागावयास पोरे आली तर त्यांस ओटीवर बसवा, आणि आपल्या पोरांस जवळ बोलावून खोतीच्या बिलाची हकिकत सांगा. वर्गणी किती द्यावी हे तुमचे तुम्ही ठरवा. पण “ते त्यांचे” हा शब्द पुन्हा तोंडातून काढू नका. ते कुळांचे वकील होते. आणि आपण कुळेच आहोत.