छोट्या कामाच्या जागी लेखी नियम

आचारसंहिता म्हटली की शहरातली मोठी ऑफिसं डोळ्यांपुढे येतात. हा अंक मात्र आम्ही पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या गावांपासून सुरू केला आहे. भंडारा जिल्ह्यात कामाची जागा म्हणजे राईस मिल, धान खरेदी केंद्र, पतसंस्था, आणि विड्या वळणाऱ्या बाईचं स्वतःचं घरसुद्धा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. धानाचा काटा धरणाऱ्यानं किंवा खराब म्हणून विड्या बाजूला काढणाऱ्यानं कसं वागावं, हे सहसा कुठे लिहिलेलं नसतं आणि त्याची झळ शेतकऱ्याला, मजूर बाईला बसते.

आम्हाला जास्त काळजी आहे ती दहापेक्षा कमी माणसांच्या जागांची. तिथल्या स्त्रीला लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ती स्वीकारायला तालुक्यात अधिकारी नेमणंही बंधनकारक आहे. हे तिला सांगणार कोण? या अंकातले लेख याच प्रश्नाभोवती आहेत.

तुमच्या कामाच्या जागी नियम लेखी आहेत का? मालकालाही ते लागू होतात का? आम्हाला जरूर लिहा. नाव छापू नका म्हणालात, तर छापणार नाही.