खुलताबादचा रिकामा मकबरा

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे पैनगंगेच्या खोऱ्यातील गाव. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे मराठवाडा. पलीकडच्या तीरावर नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर लागते. त्याचे जुने नाव वाढोणा. निजामी राजवटीत वाढोण्याचे हिमायतनगर झाले. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या थोरल्या मुलाचे नाव मीर हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह. हैदराबादचा हिमायतसागर जलाशय याच युवराजाच्या नावाने ओळखला जातो. दोन्ही तीरांवर भाषा एक, सणवार एक, सोयरिकी एकमेकांत. तरी शंभर वर्षांपूर्वी या नदीच्या दोन काठांवर दोन वेगवेगळे अंमल होते. अलीकडे इंग्रजांचा, पलीकडे निजामाचा.

ढाणकीच्या माणसाला हिमायतनगर हे शेजारचे गाव म्हणून ठाऊक असते. परंतु ‘हिमायत’ या नावाचा माग काढत गेले, तर तो हैदराबादवरून फ्रान्सच्या नीस शहरात, तेथून इस्तंबूलच्या खलिफाच्या महालात आणि अखेरीस आपल्याच महाराष्ट्रात, खुलताबादच्या एका रिकाम्या मकबऱ्यापाशी येऊन थांबतो. विसाव्या शतकातील मुस्लिम जगताच्या इतिहासातील एक मोठा अध्याय या मार्गावर घडला. तो आपल्या घराजवळचा असूनही आपल्याला जवळपास अपरिचित आहे.

वऱ्हाड नसलेला ‘वऱ्हाडचा युवराज’

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. निमित्त होते निजामाच्या नावाने पोसल्या जाणाऱ्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चाचे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हा प्रदेश वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला आणि पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडून टाकला. उस्मान अली खानाने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ती मागणी कठोर शब्दांत फेटाळली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९३६ च्या करारात, इंग्रजांनी एक तोडगा काढला. निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ ही पदवी दिली आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचा युवराज, हा किताब दिला. प्रत्यक्ष वऱ्हाड मात्र इंग्रजांनी आपल्याच हातात ठेवले.

अशा रीतीने आझम जाह ज्या प्रदेशाचा युवराज म्हणून मिरवला, त्या प्रदेशावर त्याने एक दिवसही राज्य केले नाही. ढाणकीच्या शेतकऱ्याचा शेतसारा त्याच्याकडे गेला नाही, उमरखेडच्या कचेरीत त्याचा हुकूम चालला नाही. पदवी होती, प्रजा नव्हती. नामधारी सत्तेचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण याच युवराजाचा विवाह त्याहूनही मोठ्या नामधारी सत्तेच्या घराण्याशी झाला.

तुर्कांनीच संपवलेली खिलाफत

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानचा पराभव झाला आणि उस्मानी सुलतानाच्या, म्हणजेच खलिफाच्या, भवितव्याच्या चिंतेने भारतातील मुस्लिम समाजात खळबळ उडाली. १९१९ मध्ये मुंबईत खिलाफत कमिटी स्थापन झाली. भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही त्या चळवळीची आठवण देत उभे आहे. अली बंधू पुढे आले. गांधीजींनी या मागणीला असहकाराच्या आंदोलनाची जोड दिली. १९२० मध्ये हजारो मुसलमानांनी घरदार विकून अफगाणिस्तानकडे हिजरत केली. तेथील अमिराने सीमा बंद केली आणि ते बिचारे हालअपेष्टा भोगून परतले. पुढच्याच वर्षी मलबारात मोपल्यांचे बंड झाले आणि तेथील हिंदूंना भीषण अत्याचार सोसावे लागले. ज्या संस्थेसाठी हे सारे झाले, तिच्याविषयी स्वतः तुर्कांना काय वाटत होते, हा प्रश्न मात्र येथे फारसा कोणी विचारला नाही.

उत्तर तुर्कांनीच दिले. १ नोव्हेंबर १९२२ रोजी अंकाराच्या राष्ट्रीय सभेने सुलतानशाही रद्द केली. त्याच महिन्यात अब्दुल मजीद दुसरा याची केवळ खलिफा म्हणून निवड झाली. त्याला कोणतीही राजकीय सत्ता नव्हती. स्वभावाने हा गृहस्थ राजकारणी नव्हताच. तो कुशल चित्रकार होता, पाश्चात्त्य संगीताचा जाणकार होता. ‘जनानखान्यातील बेथोव्हेन’ या विषयावरचे त्याचे चित्र कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

नोव्हेंबर १९२३ मध्ये आगाखान आणि सय्यद अमीर अली या दोन भारतीय मुस्लिम नेत्यांनी तुर्की पंतप्रधान इस्मत पाशा यांना पत्र लिहून खलिफाचा मान राखण्याची विनंती केली. पत्र सरकारच्या हाती पडण्याआधीच ते इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत छापून आले. परकीयांनी आपल्या राष्ट्राच्या कारभारात नाक खुपसावे, हे तुर्क राष्ट्रवाद्यांना मुळीच रुचले नाही. खिलाफत वाचावी म्हणून लिहिलेल्या पत्राने तिचा अंतच जवळ आणला. ३ मार्च १९२४ रोजी मुस्तफा कमालच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय सभेने खिलाफत कायमची रद्द केली. अब्दुल मजीदला कुटुंबासह आगगाडीत बसवून देशाबाहेर पाठवण्यात आले. प्रथम स्वित्झर्लंड आणि नंतर फ्रान्समधील नीस येथे त्याने आश्रय घेतला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. तुर्क हे मुसलमानच होते आणि आहेत. परंतु धर्मसत्तेच्या जागतिक स्वप्नापुढे त्यांनी स्वतःच्या राष्ट्राची निवड केली. भारतात ज्या काळी खिलाफतीसाठी सभा होत होत्या, त्याच काळी तिच्या माहेरी तिचे ओझे फेकून देण्याची तयारी चालली होती. दूरदेशीच्या संस्थेवर उभारलेले राजकारण कसे निराधार ठरते, याचे इतके लख्ख उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

नीसमधील विवाह आणि पॅरिसमधील शव

निर्वासित खलिफाला निजामाने दरमहा ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन सुरू केले. मौलाना शौकत अलींच्या मध्यस्थीने सोयरीक जुळली. नोव्हेंबर १९३१ मध्ये नीस येथे खलिफाची एकुलती एक कन्या दुर्रुशहवार हिचा विवाह आझम जाहशी आणि उस्मानी घराण्यातील दुसरी राजकन्या निलोफर हिचा विवाह आझमचा धाकटा भाऊ मुअज्जम जाह याच्याशी झाला. या संबंधातून जन्मणाऱ्या नातवाकडे उद्या खिलाफतीचा वारसा येईल, अशी चर्चा त्या काळी होती. १९३३ मध्ये नीस येथेच तो नातू, मुकर्रम जाह, जन्मला.

२३ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिस येथे अब्दुल मजीदचे निधन झाले. शहर त्या दिवसांत जर्मनांच्या तावडीतून सुटत होते. वडिलांचे दफन मायदेशी व्हावे म्हणून दुर्रुशहवारने तुर्की सरकारकडे विनवणी केली. ती मान्य झाली नाही. साऱ्या जगातील मुसलमानांचा प्रमुख म्हणून ज्याच्या नावाने भारतात आंदोलने झाली, त्याचे शव पॅरिसच्या मशिदीत जवळजवळ दहा वर्षे पडून राहिले.

खुलताबादचा मकबरा याच काळातला. निजामाने आपल्या व्याह्यासाठी तो बांधून घेतला. स्थळाची निवड विचारपूर्वक होती. खुलताबाद हे दख्खनमधील सूफींचे मोठे केंद्र. बुरहानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे येथे आहेत. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर येथे पुरला गेला. अहमदनगरला मरण पावलेल्या औरंगजेबाला येथेच आणून दफन केले आणि आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क याचीही कबर येथेच आहे. त्या रांगेत जगाच्या शेवटच्या खलिफाची कबर यावी, म्हणजे हैदराबादची प्रतिष्ठा दिगंतात जाईल, असा हिशेब त्यामागे नसेल असे म्हणवत नाही.

परंतु काळाने तो हिशेब मोडला. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर त्याच सुमारास वेगळेच वारे वाहत होते. रझाकारांच्या जुलमाला कंटाळलेले मराठवाड्यातील लोक नदी ओलांडून वऱ्हाडात येत होते. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्याची सरहद्दीवर शिबिरे उभी राहिली होती. ढाणकीच्या तालुक्याचे गाव उमरखेड हे त्यांपैकी एक. सप्टेंबर १९४८ मध्ये अवघ्या पाच दिवसांच्या कारवाईत हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. आसफजाही सत्ता संपली. खलिफा खुलताबादला आलाच नाही. १९५४ मध्ये त्याला मदिनेच्या जन्नत-उल-बाकी कब्रस्तानात मूठमाती मिळाली. तेथील जुन्या कबरींवरचे घुमट वहाबी विचाराच्या सौदी राजवटीने १९२० च्या दशकातच पाडून टाकले होते. खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला.

दगडांकडे कसे पाहावे?

मुस्लिम इतिहासाच्या खाणाखुणांविषयी आपल्याकडे दोन टोकांची वृत्ती दिसते. एक वृत्ती आक्रमणांचे सारे वास्तव झाकून केवळ घुमट-मिनारांचे गोडवे गाते. दुसरी वृत्ती त्या प्रत्येक दगडाकडे संतापानेच पाहते. पहिलीने इतिहास खोटा होतो, दुसरीने तो अपुरा राहतो. २०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वातावरण तापले, नागपुरात हिंसाचार झाला. तेव्हा संघाचे ज्येष्ठ नेते भय्याजी जोशी यांनी हा विषय अनावश्यकपणे उकरला गेल्याचे सांगून छत्रपती शिवरायांनी अफझलखानाची कबर बांधू दिल्याचा दाखला दिला. प्रतापगडाच्या पायथ्याची ती कबर खानाचा गौरव करीत नाही. ती पराक्रमाची साक्ष देते आणि विजेत्याच्या मनाचे मोठेपणही सांगते. साक्षीदाराला नाहीसे केले, तर खटला आपलाच दुबळा होतो.

जे राष्ट्र आत्मविश्वासाने उभे असते, ते आपल्या भूमीवरील प्रत्येक खूण वाचू शकते. हा आत्मविश्वास सर्वत्र असतोच असे नाही. २००२ च्या जानेवारीत मक्केतील अज्याद हा उस्मानी तुर्कांचा किल्ला सौदी सरकारने टोलेजंग इमारतींसाठी जमीनदोस्त केला. तुर्कस्तानने तीव्र निषेध केला, पण उपयोग झाला नाही. इस्लामच्या सर्वांत पवित्र शहरात उस्मानी वारसा असा पुसला जात असताना महाराष्ट्राच्या एका डोंगराळ गावात उस्मानी खलिफासाठी बांधलेली वास्तू उभी आहे. भारतीय मुसलमान तरुणाने या विरोधाभासाचा शांतपणे विचार करावा. आपला वारसा खऱ्या अर्थाने कोठे जपला गेला, हे त्यातून त्याला उमगेल.

मक्का-मदिनेविषयी मुसलमानाला ओढ वाटणे यात गैर काही नाही. मॉरिशसमधील हिंदू तेथील सरोवराला ‘गंगा तलाव’ म्हणतो आणि महाशिवरात्रीला मैलोन्‌मैल चालत तेथे जातो. त्यामुळे त्याच्या मॉरिशसनिष्ठेला बाध येत नाही. श्रद्धा दूरवर जाऊ शकते. निष्ठेचे घर मात्र जेथे आपण जन्मलो, वाढलो, जेथले अन्न खाल्ले तेथेच असावे लागते. खिलाफत चळवळीची चूक श्रद्धेत नव्हती. श्रद्धेला राजकीय निष्ठेच्या जागी बसवण्यात ती चूक होती आणि त्या चुकीला तत्कालीन राष्ट्रीय नेतृत्वाने खतपाणी घातले, हे विसरून चालणार नाही.

म्हणून खुलताबादच्या रिकाम्या मकबऱ्याचे जतन व्हावे. त्याच्यापाशी मराठीत एक माहितीफलक असावा. त्यावर तो कोणासाठी बांधला, तो रिकामा का राहिला आणि १९२४ मध्ये अंकारात व १९४८ मध्ये हैदराबादेत काय घडले, हे सरळ शब्दांत लिहिलेले असावे. वेरूळला जाणाऱ्या शाळांच्या सहली तेथून हाकेच्या अंतरावरून जातात. त्यांपैकी काही तेथे थांबल्या, तर पाठ्यपुस्तकातील खिलाफत चळवळीचा एक परिच्छेद मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहील. गावोगावच्या कार्यकर्त्यांनीही आपापल्या परिसरातील दर्गे, कमानी, बारवा, शिलालेख यांच्या नोंदी करून ठेवाव्यात. ढाणकी-हिमायतनगरच्या टापूत निजामी सरहद्दीच्या आणि मुक्तिलढ्याच्या आठवणी सांगणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या घरातील कागदपत्रे तरी वेळीच पाहिली पाहिजेत.

या कथेचा शेवट पॅरिसला झाला नाही, मदिनेलाही झाला नाही. ज्याच्याकडे खिलाफत येईल असे बोलले जात होते, तो नातू मुकर्रम जाह डून स्कूलमध्ये शिकला, पुढे ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणांवर राहिला आणि उत्तरायुष्यात आजोबांच्या तुर्कस्तानात स्थायिक झाला. १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूलमध्ये त्याचे निधन झाले. आजोबांना जी भूमी नाकारली गेली, ती त्याला सहज मिळाली असती. परंतु त्याच्या इच्छेनुसार त्याचे पार्थिव विमानाने हैदराबादला आणण्यात आले आणि मक्का मशिदीत, पूर्वजांच्या शेजारी, दफन झाले. खलिफाच्या नातवाने अखेरच्या विसाव्यासाठी भारताची माती मागितली आणि या देशाने त्याला ती सन्मानाने दिली.