उसाच्या चिपाडालाही भाव, मग कोयत्याला का नाही?

पुणे-सोलापूर महामार्गावर पाटस सोडले की हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. हा भीमा सहकारी साखर कारखान्याचा मुलूख. काही हंगाम बंद राहिलेला हा कारखाना २०२२ मध्ये कर्नाटकातील निराणी समूहाकडे भाडेतत्त्वावर गेला आणि धुराडे पुन्हा पेटले. भोवताली पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, आलेगावचा दौंड शुगर, शिवाय केडगाव-दापोडी पट्ट्यातील गुऱ्हाळे. खडकवासल्याच्या कालव्याने या तालुक्याला ऊस दिला आणि उसाने इथल्या प्रस्थापितांना सत्ता दिली.

उसासारखे दुसरे पीक नाही. त्याचे काहीच वाया जात नाही. वाढे जनावराला, पाचट जमिनीला. रसाची साखर, गूळ, काकवी. चिपाडाचा भुसा बॉयलरमध्ये जाळून वीज, उरलेल्या मळीपासून स्पिरिट आणि इथेनॉल. गाळणीत राहिलेल्या प्रेसमडचे खत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली तर साखरसम्राट दिल्लीला धावले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे सरकार अभिमानाने सांगते. म्हणजे पाटसच्या फडातला ऊस आता मोटारीच्या टाकीत पोचला. ज्याने तो तोडला तो मात्र अजून कोपीतच आहे.

आम्ही वकिली करतो, म्हणून कायद्याच्या भाषेत बोलतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ म्हणतो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्या, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्या. महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा त्यापुढे जातो. साखर आणि भुसा, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, असे तो सांगतो. राज्य सरकारने २०२२ मध्ये एफआरपीचे दोन तुकडे केले, तर मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. शेतकऱ्याने हे लढून मिळवले. आमचा त्याला विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या उसाच्या चिपाडाचाही कायद्यात हिशेब आहे, त्याच उसावर चालणाऱ्या कोयत्याचा हिशेब कोणत्या कायद्यात आहे?

२०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. तोडणीचा दर मात्र सरकार ठरवत नाही. तो साखर संघ आणि मजूर संघटना यांच्या करारात ठरतो, तोही संप झाल्यावर. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ मिळून दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून दोनेक टन तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॉलीत भरायच्या. एक दिवस आजारी पडले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून. बाईला पाळी आली, ताप आला, तरी खाडा तो खाडाच. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या आकड्यापुढे आम्ही वेगळे विशेषण जोडत नाही.

गेल्या हंगामात एक जोडपे आमच्याकडे आले. मुकादमाने उचल देताना कोऱ्या मुद्रांकावर अंगठे घेतले होते. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, पुढच्या वर्षाचे देणे मागच्या वर्षीच ठरले. त्यांना विचारले, हिशेबाची वही पाहिली का? म्हणाले, "साहेब, वही मुकादमाकडं असती." एवढे ऐकले आणि १९८२ चा एशियाड कामगारांचा निकाल आठवला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे म्हणजे संविधानाच्या कलम २३ ने मनाई केलेली सक्तीची मजुरी, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितले. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा तर १९७६ चा. कागदावर वेठबिगारी संपली, फडात तिचे नाव उचल झाले.

कारखाना म्हणतो, मजूर आमचा नाही, मुकादमाचा. हे खोटे आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाना शेतकऱ्याच्या उसबिलातून कापतो. म्हणजे मजुराची मजुरी कारखान्याच्या वहीत नोंदली जाते, तिथूनच निघते. पैसा कापताना मजूर तुमचा, आणि जबाबदारी घेताना मुकादमाचा, हा कुठला न्याय? सरकारही वेगळे नाही. तोडणी यंत्राच्या खरेदीला ४० टक्के, म्हणजे ३५ लाखांपर्यंत अनुदान, आणि हाडामांसाच्या माणसाला उचल!

हे राबणारे कोण? बौद्ध, मातंग, बंजारा, वंजारी आणि इतर भूमिहीन बहुजन. ऊस लावायला जमीन लागते, कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो. सहकार कायद्याच्या कलम ७३-ब मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी संचालक मंडळात एक जागा राखीव आहे खरी, पण त्या वर्गाचे सभासद असतील तर! ज्याच्या बापाकडे वतनाची जमीन राहिली नाही, त्याला सहकाराचे दार आधीच बंद. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करा आणि जमिनी सामुदायिक पद्धतीने कसायला द्या असे सुचवले, ते जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच उरू नये म्हणून. ते ऐकले नाही. त्याऐवजी जमीनवाल्यांचा सहकार उभा राहिला आणि त्यालाच समाजवाद म्हटले गेले.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले, टनामागे कारखान्यांकडून निधी घेण्याचे ठरले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. पण महामंडळ ही मेहरबानी आहे आणि आम्हाला हक्क हवा आहे. तो चार गोष्टींत मावतो. कारखान्याला मुख्य मालक मानून त्याच्याकडे प्रत्येक मजुराची, नवऱ्याची व बायकोची स्वतंत्र, नोंदणी करा. दर शासनाने ठरवा. मजुरी दोघांच्या वेगळ्या बँक खात्यात १४ दिवसांत जमा करा आणि उशिरावर शेतकऱ्याइतकेच व्याज द्या. उपपदार्थांच्या उत्पन्नात तोडणाऱ्याचाही वाटा कायद्याने लिहा.

आपल्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीसाठी कारखान्याच्या चेअरमनकडे जाण्याऐवजी यंदाच्या हंगामात गाडीतळावर जावे. कोपीकोपीत जाऊन उचलीचा हिशेब लिहून घ्यावा, कोरे मुद्रांक कुणाकडे आहेत याची यादी करावी. यादी आणा, अर्ज आम्ही लिहून देतो. वही मुकादमाच्या हातून मजुराच्या हातात आली, की निम्मी गुलामी तिथेच तुटते.